भंगाराच्या काट्यावर दोन तरुण

भंगाराच्या दुकानात बहुतेक प्रत्येक मालाला भाव असतो. तांब्याच्या तारेचा सगळ्यांत चढा, त्याखाली पितळ, ॲल्युमिनियम, मग लोखंड आणि पत्रा. पुठ्ठा वेगळा, वर्तमानपत्रांची रद्दी वेगळी, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्याही किलोवर जातात. चिप्सचं चकचकीत पाकीट मात्र काट्यावर चढत नाही. ते विकत घ्यायला कुणी नाही, म्हणून वेचायलाही कुणी नाही. रस्त्यावरून गटारात, गटारातून नदीत, नाहीतर थेट कचरा डेपोत, अशी त्याची वाट ठरलेली.

कारण त्याच्या बनावटीत आहे. ते पाकीट एका पदार्थाचं नसतं. बाहेर छपाई केलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा, त्यामागे ॲल्युमिनियमचा मुलामा, आत पुन्हा प्लॅस्टिक आणि हे सगळं एकमेकांना धरून ठेवणारा चिकट थर. धातूचा मुलामा माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. ओलावा, हवा आणि उजेड अडवण्याचं काम तो चोख करतो, म्हणून चिप्स महिनोन्महिने कुरकुरीत राहतात. पण हे थर सुटे करणं महाकठीण. सगळे एकत्र वितळवले तर कशालाच धड न चालणारा माल हाती येतो. त्यात एकेक पाकीट इतकं हलकं, की शेकड्यांनी वेचावीत तेव्हा कुठे किलो भरतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्यातून एक बातमी आली आणि देशभर गाजली. अनिश मालपाणी या उद्योजकाच्या कंपनीने अशा बहुस्तरीय पाकिटांतून उपयोगी द्रव्य वेगळं काढून त्याचे गॉगल बनवले होते. 'विदाउट' या नावाने ते बाजारात आले. ज्याला भाव नव्हता त्या मालाला प्रयोगशाळेत किंमत मिळाली. बातम्यांत झळकला तो गॉगल. पण पाकिटं गोळा करणारे, निवडणारे हात नसते तर प्रयोगशाळेत यायला मालच नव्हता.

या गोष्टीत दोन प्रकारचे तरुण आहेत. एक शिकून-सवरून, ठरवून कचऱ्याकडे वळलेला. दुसरा गरिबीमुळे त्यातच वाढलेला. चक्रीय अर्थव्यवस्थेत तरुणांचा सहभाग म्हटलं की व्यासपीठावर पहिल्यालाच बोलावलं जातं. दुसरा मात्र कित्येक वर्षांपासून ती अर्थव्यवस्था अंगमेहनतीने चालवतो आहे. हे दोघं एकमेकांचे भागीदार झाले तरच हे चक्र नीट फिरेल, असं मला मनापासून वाटतं.

चक्र म्हणजे नेमकं काय?

आजचा बहुतेक उद्योग सरळ रेषेत चालतो. खाणीतून काढायचं, कारखान्यात घडवायचं, वापरायचं, फेकायचं. चक्रीय अर्थव्यवस्थेत वस्तू आणि त्यातलं द्रव्य शक्य तितका काळ वापरात ठेवायचं असतं, आणि कचरा होऊच नये अशी वस्तूची आखणी मुळातच करायची असते.

ही कल्पना जगभर पोचवण्यात एका तरुणीचा मोठा वाटा आहे. इंग्लंडच्या एलन मॅकआर्थरने 2005 साली, वयाच्या 28 व्या वर्षी, शिडाच्या नौकेतून एकटीने 71 दिवस आणि 14 तासांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून विक्रम केला. नौकेवर जेवढं अन्न आणि इंधन घेतलं तेवढ्यावरच निभवायचं होतं. जगाचं अर्थकारणही अशाच मोजक्या शिदोरीवर चाललं आहे, हा विचार तिने पुढे धरून ठेवला आणि 2010 मध्ये चक्रीय अर्थव्यवस्थेच्या प्रसारासाठी आपल्या नावाची संस्था काढली.

तिच्याही आधी, 1976 मध्ये, स्विस वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हिएव्ह रेडे यांनी युरोपीय आयोगासाठी एक अहवाल लिहिला होता. तेलाच्या संकटाने युरोप हादरलेला होता, बेकारी वाढत होती. या दोघांचा मुद्दा साधा पण दूरगामी होता: नवी वस्तू बनवायला ऊर्जा जास्त लागते आणि माणसं कमी, जुनी वस्तू दुरुस्त करायला ऊर्जा कमी लागते आणि माणसं जास्त. म्हणजे वस्तूंचं आयुष्य वाढवलं तर इंधन वाचतं आणि हाताला काम मिळतं.

भारताची निम्म्याहून अधिक लोकसंख्या पस्तिशीच्या आतली आहे. रोजगार हा इथल्या तरुणांपुढचा पहिला प्रश्न. त्या दृष्टीने पाहिलं तर स्टाहेल आणि रेडे यांचा मुद्दा युरोपपेक्षा आपल्यालाच अधिक लागू पडतो.

या विचारात पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यांत वरची पायरी म्हणजे नको ती वस्तू न घेणं. मग आहे ती जास्त दिवस वापरणं, दुरुस्त करणं, दुसऱ्याला देणं, तिचे सुटे भाग काढून वापरणं. वितळवून नवा कच्चा माल करणं ही शेवटून दुसरी पायरी, आणि शेवटी उरतं ते जाळणं किंवा पुरणं. खाली उतरावं तसं वस्तूत घातलेले कष्ट, कौशल्य आणि ऊर्जा वाया जात राहतात. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं तर खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते, हे खरं. पण तोच ॲल्युमिनियमचा टोप हँडल बदलून आणखी दहा वर्षं चुलीवर चढला, तर बचत त्याहूनही मोठी.

पुण्याचा धडा

या विषयात पुण्याकडे पाहावं लागतं, कारण इथे दोन्ही प्रकारच्या तरुणांची कामं शेजारी-शेजारी उभी आहेत.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचकांच्या वस्त्यांत जाऊ लागल्या. अक्षरओळखीपासून सुरू झालेलं काम रोजगाराच्या प्रश्नापाशी पोचलं. उकिरड्यावरून वेचलेला कागद आणि घरातून थेट मिळालेला कोरडा, स्वच्छ कागद यांच्या भावात फरक पडतो. मग कचरा घरातच वेगळा का मिळू नये? या प्रश्नातून, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पाठबळाने, 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था स्थापन झाली आणि 2008 मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. घरोघरी जाऊन ओला-सुका कचरा गोळा करायचा, घरटी शुल्क घ्यायचं आणि सुक्या मालाची विक्री करून मिळणारे पैसे स्वतःकडे ठेवायचे, अशी तिची रचना आहे.

इथे तरुणांसाठी पहिला धडा आहे. चक्रीय अर्थव्यवस्थेचा पाया म्हणजे गोळा करणं आणि निवडणं. माल मिसळला की त्याची किंमत गेली. खरकट्यात भिजलेला पुठ्ठा आणि कोरडा पुठ्ठा यांत जो फरक आहे, तो जगातलं कुठलंही यंत्र नंतर पूर्ण भरून काढू शकत नाही.

आणि ही निवड म्हणजे मोठं कौशल्य आहे. कुठल्याही वर्गीकरण शेडमध्ये बसून पाहावं. हातात आलेला प्लॅस्टिकचा तुकडा वाकवून पाहिला जातो, त्याचा आवाज ऐकला जातो, नखाने ओरखडा काढला जातो. शंका उरली तर तुकडा पाण्यात टाकायचा. बाटलीचं झाकण तरंगतं, बाटली बनते ते प्लॅस्टिक बुडतं, कारण एक पाण्याहून हलकं आहे आणि दुसरं जड. मोठे पुनर्वापर कारखाने भल्यामोठ्या टाक्यांमध्ये हेच करतात. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये डबे, खेळणी, खुर्च्या असा सगळा माल हाताने निवडला जातो, रंगानुसार लावला जातो, चुरा करून धुतला जातो, पत्र्यांवर वाळवला जातो आणि वितळवून त्याचे दाणे काढले जातात. हे काम करणाऱ्यांत विशी-पंचविशीचे तरुण मोठ्या संख्येने आहेत. पदार्थविज्ञानाचं त्यांचं ज्ञान हातात आहे, कागदावर नाही. त्यामुळे त्याला पदवी नाही, पगारवाढ नाही आणि मानही नाही.

शिकलेल्या तरुणांनी काय आणलं?

पुण्यातली दुसरी बाजूही तितकीच भरीव आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड ही कचरावेचक स्त्रियांची फार जुनी व्यथा. कुठल्याही कागदात गुंडाळलेले, कधी उघडेच, ते त्यांच्या हाताला लागत. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी उत्पादकांना पॅडसोबत गुंडाळण्यासाठी वेष्टन द्यायला सांगितलं. तो कागद लाल ठिपक्याने ओळखता यावा म्हणून पुण्यात 'रेड डॉट' मोहीमही चालली. तरी गोळा केलेल्या पॅडचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. जाळलं तर विषारी धूर, पुरलं तर शेकडो वर्षं प्लॅस्टिक मातीत.

अजिंक्य धारिया या तरुण मेकॅनिकल इंजिनिअरने पुण्यात 'पॅडकेअर लॅब्ज' सुरू करून यावर यंत्र बनवलं. वापरलेली पॅड खास डब्यांतून गोळा होतात, यंत्रात त्यांचे तुकडे होतात, निर्जंतुकीकरण होतं आणि मग कापसासारखा लगदा एकीकडे व प्लॅस्टिक दुसरीकडे वेगळं निघतं. दोन्हींचा पुन्हा वापर करता येतो. ज्या वस्तूचं नाव घ्यायलाही घराघरांत संकोच होता, तिच्यावर एका तरुणाने अभियांत्रिकी लावली, हे मला फार मोलाचं वाटतं.

नंदन भट यांनी 2020 मध्ये सुरू केलेलं 'इकोकारी' वेगळ्या वाटेने गेलं. वापरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं धुवायची, वाळवायची, त्यांच्या लांब पट्ट्या कापायच्या, त्या चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर विणायच्या. कापड तयार झालं की त्याच्या बॅगा, पाऊच. वर रंग चढवायचा नाही, पिशवीचा मूळ रंगच कापडाचा रंग. इथे वीज आणि रसायनं कमी लागतात, माणसाचे हात जास्त. स्टाहेल आणि रेडे यांनी कागदावर मांडलेलं गणित इथे मागावर उतरलेलं दिसतं.

मुंबईत श्रियांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी 2013 च्या सुमारास 'ग्रीनसोल' सुरू केलं. सरावात बुटांचा वरचा भाग फाटतो, पण तळवा शाबूत राहतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्याच तळव्यांच्या चपला करून अनवाणी मुलांपर्यंत पोचवायच्या, अशी त्यांची कल्पना.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाने एका विशिष्ट वस्तूवर आपलं लक्ष केंद्रित केलं, तिची रचना समजून घेतली आणि तिला भाव नाही तो का, हे शोधलं. 'पर्यावरण वाचवा' अशी मोघम हाक त्यांनी दिली नाही.

न दिसणारे दुरुस्तीवाले

आता आपल्या खिशातल्या वस्तूकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा अशा ठिकाणी पोचतो जिथे तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात. शिसं आणि कॅडमिअम तिथल्या मुलांच्या, तरुणांच्या शरीरात जातं. जुन्या वस्तूतून द्रव्य काढणं चांगलं, पण कुणाच्या फुप्फुसांच्या मोलाने, हे विचारल्याशिवाय त्याला चांगलं म्हणता येणार नाही.

मोबाइलच्या साऱ्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा तो तयार होतानाच पडून गेलेला असतो. तेव्हा दोन वर्षांनी बदलायचा फोन चार वर्षं चालवला तर तेवढ्या काळात एक नवा फोन बनवावा लागत नाही. हे घडवून आणतो तो बाजारपेठेतल्या छोट्याशा टपरीत बसलेला दुरुस्तीवाला पोरगा. त्याच्यासमोर पाहा: फोनची पाठ गरम करून गोंद सैल करायचा, पातळ पट्टी सरकवून ती उघडायची, तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू क्रमाने मांडून ठेवायचे, चिकटवलेली बॅटरी न वाकवता सोडवायची. ती वाकली तर पेट घेऊ शकते, म्हणून हाताला संयम लागतो. हे काम कुठल्याही हरित स्टार्टअपच्या यादीत येत नाही, पण पायऱ्यांच्या क्रमात ते गॉगलच्याही वर आहे.

त्याच्या वाटेत अडथळेही आहेत. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्तीची माहितीपुस्तिका कंपन्या देत नाहीत, बॅटऱ्या मुद्दाम चिकटवल्या जातात. यावर जगभर कायदे होत आहेत. फ्रान्समध्ये 2021 पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागतात. युरोपीय संघात फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी असावी, असा नियम आहे. भारत सरकारनेही डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. या हक्कासाठी आवाज उठवायला तरुणांइतका योग्य गट दुसरा नाही, कारण ही उपकरणं सर्वाधिक वापरणारेही तेच आणि दुरुस्त करणारेही तेच.

उत्साह कुठे लावावा?

नदीकाठ स्वच्छ करण्याच्या मोहिमा, समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा वेचणं, हे सगळं मनापासून केलं जातं. पण पुढच्या रविवारी तिथे तेवढाच कचरा साचतो, कारण तो येतो कुठून याला हात लागलेला नसतो. तीच गत इन्स्टाग्रामवरच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांची. एका नव्या शर्टाऐवजी एक जुना घेतला तर फायदा आहे. स्वस्त मिळतात म्हणून नव्यांच्या जोडीला आणखी चार घेतले, तर कपाट भरलं, चक्र फिरलं नाही.

मग उत्साहाला दिशा कशी द्यावी? पहिलं काम मोजण्याचं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास काम करायचं असतं. त्यातले काही तास आपल्या कॉलेजचा कचरा मोजण्यात घालवावेत. एका दिवसाचा सगळा कचरा ताडपत्रीवर पसरायचा, हातमोजे घालून त्याचे ढीग करायचे: खरकटं, कागद, पुठ्ठा, बाटल्या, पाकिटं, थर्माकोल. प्रत्येक ढीग वजनकाट्यावर ठेवून वहीत नोंद करायची. आठवडाभरात कळतं की कॅन्टीनमधून किती अन्न फेकलं जातं, कागदी कप किती, कुठल्या कंपनीची वेष्टनं सर्वाधिक. ही वही घेऊन प्राचार्यांकडे, कॅन्टीनवाल्याकडे, नगरपालिकेकडे गेलं की बोलणं नेमकं होतं. आणि हे मोजमाप शिकवायला परिसरातल्या कचरावेचक ताईंना बोलवावं, त्यांना मानधन द्यावं. या विषयात त्या शिक्षक आहेत.

दुसरं काम कायदा समजून घेण्याचं. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल 2023 पासून लागू झाले. आपण विकलेल्या मालाच्या प्रमाणात ठरलेलं पुनर्चक्रीकरण करून घेणं त्यांनी उत्पादकांवर बंधनकारक केलं. सुरुवातीला 60 टक्के आणि 2027-28 पासून 80 टक्के असं ते उद्दिष्ट आहे. प्लॅस्टिक वेष्टनांसाठीच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत कठीण प्लॅस्टिकमध्ये पुनर्वापरातल्या मालाचं किमान प्रमाण ठरवून दिलं गेलं. याचं महत्त्व कचरावेचकांच्या ताटापर्यंत पोचतं. कच्च्या तेलाचे भाव पडले की नवं प्लॅस्टिक स्वस्त होतं, जुन्याला गिऱ्हाईक उरत नाही आणि भंगाराचा भाव कोसळतो. पहिला फटका माल वेचणाऱ्याला बसतो. जुना माल वापरण्याची सक्ती असेल तर मागणी टिकते आणि भावाला आधार मिळतो. कायदा, वाणिज्य, संगणक शिकणाऱ्या मुलांनी या नियमांची अंमलबजावणी खरोखर होते का, यावर लक्ष ठेवावं. पुनर्चक्रीकरण केल्याची प्रमाणपत्रं कागदावर फिरतात की माल खरंच फिरतो, हे तपासणं ही मोठी समाजसेवा आहे.

तिसरं काम सर्वांत अवघड: वाट्याची रचना बदलण्याचं. जुन्या मालातून नवं उत्पादन काढणाऱ्या तरुण उद्योजकाने माल पुरवणाऱ्यांना फक्त रोजंदारी द्यावी, की नफ्यात हिस्सा, विमा आणि निर्णयात जागाही? 'स्वच्छ'ने दाखवून दिलं आहे की कचरावेचक सभासद होऊ शकतात, मालक होऊ शकतात. आरोग्याला घातक सफाईकामात असलेल्यांच्या मुलांसाठी केंद्राची शालेय शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यात कचरावेचकांची मुलंही येतात. अनेक कुटुंबांना त्याची माहिती नसते. एखाद्या कॉलेजने आपल्या भागातल्या प्रत्येक पात्र मुलाचा अर्ज भरून द्यायचं ठरवलं, तर उद्या त्यातलीच एखादी मुलगी पॉलिमर शिकायला प्रयोगशाळेत जाईल. आईच्या हातातलं ज्ञान आणि पुस्तकातलं ज्ञान तिच्यात एकत्र येईल. या क्षेत्राला सर्वांत जास्त गरज तिचीच आहे.

पंचवीस वर्षांचा अभियंता आणि पंचवीस वर्षांचा भंगारवाला आज एकाच काट्याच्या दोन बाजूंना उभे आहेत. एकाला निधी मिळतो, दुसऱ्याला हप्ता द्यावा लागतो. एकाच्या कामाला नवकल्पना म्हणतात, दुसऱ्याच्या कामाला घाण. ही दरी बुजवणं कुठल्याही यंत्राला जमणार नाही, ते तरुणांनाच करावं लागेल. ज्या दिवशी एखाद्या हरित स्टार्टअपच्या भागधारकांच्या यादीत कचरावेचक कुटुंबांची नावं असतील, आणि आयटीआयमधून दुरुस्ती शिकून निघालेल्या मुलाला स्वतःच्या दुकानासाठी बँक विनासायास कर्ज देईल, त्या दिवशी चक्रीय अर्थव्यवस्था आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजली असं म्हणता येईल.